कर्ता

मसजिद बंदरला, खारकांच्या गोदामावर,
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यावर एक बेअरिंग ठेवलंय,
कुणा फिटरने जाताना दिलेलं.
कुवेतला गेला. परत आला असेल.

करार मराठीत करून देते, पानाला तीस रुपये.
वाचून दाखवायचे पैसे घेत नाही,
वाचताना समोरच्याचा चेहरा बघावा लागतो,
त्याचा दर अजून ठरवता आलेला नाही.

मन्सूर हुर्जुक साकीनाक्याहून थेट आला,
टेस्ट देऊन. मनगटावर ठिणग्यांचे बारके डाग.
"पास झालो," म्हणाला.
"जोडाचा एक्स-रे काढला त्यांनी. एक बुडबुडा नाही आत."
मग प्लास्टिकच्या पिशवीतून करार काढला.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी,
मध्ये एक उभी रेघ.

मी वाचत गेले.
निवास देण्यात येईल.
जेवण अथवा जेवणभत्ता देण्यात येईल.
जादा कामाचा मोबदला नियमानुसार देण्यात येईल.
पासपोर्ट सुरक्षिततेसाठी जमा करून घेण्यात येईल.

"कोण देणार, बाई?"
"कंपनी."
"तसं लिहिलंय?"

तसं लिहिलं नव्हतं.

"शाळेत फळ्यापाशी उभं करून विचारायचे," तो म्हणाला,
"वाक्यातला कर्ता कोण?
मी दर वेळी चुकायचो.
म्हणून तर वेल्डर झालो."

मी पेन्सिल घेतली. प्रत्येक 'येईल'भोवती गोल काढला.
एकोणीस गोल.
कर्ता फक्त एका कलमात सापडला, अकराव्या:
मुदतीआधी काम सोडल्यास
कामगार परतीचं तिकीट स्वतः काढेल,
कामगार नुकसान भरून देईल.
दोनदा कर्ता. दोन्हीदा तोच.

एजंटने अठराशे सांगितले होते. कागदावर बाराशे.
"ओव्हरटाइम धरून बोलला असेल," त्यानेच एजंटची बाजू घेतली.
आणि "अथवा कोण ठरवणार?" हेही त्यानेच विचारलं,
मला ते इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग मी नेहमीचं सांगितलं:
सगळ्या पानांची झेरॉक्स घरी ठेव.
वकिलातीचा नंबर मोबाइलमध्ये नको, डोक्यात ठेव.
तिकडे दुसरा कागद पुढे करतील,
वेगळ्या आकड्याचा. घाई करतील.
एजंटला दिलेल्या पैशाची पावती माग.
पावतीवर तो हसला. बायकोच्या चार बांगड्या गेल्या होत्या,
पेढीवाल्याने पावती दिली होती,
एजंटने चहा दिला.

"सही तर करायचीच आहे, बाई.
कशावर करतोय, तेवढं हवं होतं."

उठताना, सहज, पिशवीला गाठ मारता मारता:
"तुमचा करार कोण वाचून दाखवतो?"

माझा करार नाहीये.
अकरा वर्षं झाली. सात तारखेला पाकीट येतं,
कधी दहाला. शेठ चांगले आहेत.
हे मी त्याला मोठ्याने सांगितलं,
आणि 'शेठ चांगले आहेत' माझ्याच कानाला
एकोणिसाव्या गोलासारखं लागलं.

चार महिन्यांनी, एका शुक्रवारी, फोन.
मागे भांड्यांचा आवाज, आवाज तुटत होता.
"बाई, कर्ता सापडला."
"कोण?"
"बिजू नावाचा सुपरवायझर. जेवणाचे दोनशे तोच कापतो.
काल रात्री माझ्या खाटेवर बसून रडला.
त्याचाही पासपोर्ट त्याच कपाटात आहे."
"आणि चावी?"
"तिचा शोध चालू आहे," म्हणाला, आणि हसला की खोकला,
कळायच्या आत रेंज गेली.

समोर नवा करार, नवा मुलगा, सुतार, वय बावीस.
मी 'देण्यात' लिहिलं आणि थांबले.
खाली गल्लीत खारकांची हातगाडी आडवी लागली होती,
सगळे हॉर्न एकदम.
कुणीतरी ओरडत होतं, कोणाची आहे ही, कोणाची?
गाडीला टेकून चौघे उभे होते.
कोणीच बोललं नाही.